पाल्याचं विरजण

आमच्याकडे पानं होळीच्या सुमारास गळत. रेवा, ईशान, तुमच्या देशात ती थंडीच्या आधी लाल-पिवळी होऊन गळतात आणि तुम्ही मला त्यांचे फोटो पाठवता. आमच्या निंबाच्या गळतीला एवढी शोभा नसे. फाल्गुन लागला की एखाद्या दुपारी कोरडा वारा सुटे आणि मागच्या अंगणातल्या फरशीवरून पानं फरफटत जाण्याचा आवाज सुरू होई. खर्र, जरा थांबून पुन्हा खर्र. तो आवाज ऐकला की माझं कशात लक्ष लागेनासं होई. पुस्तक उघडं, डोळे ओळीवर आणि कान अंगणात. मी उठून खिडकीशी जाई, परत येई, पाणी पिई, पुन्हा जाई. आत्या म्हणे, ‘‘या पोरीच्या पायाला भिंगरी लागून राहिलीय.’’ पानं गळायला लागली की आईचा दमा उसळतो एवढं मला ठाऊक होतं. तो का उसळतो हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. किंवा असं म्हणू, प्रत्येकाला आपापलं वेगळं कारण ठाऊक होतं.

आम्ही उत्तरेकडच्या एका जुन्या संस्थानी शहरात, थाटीपुरला, सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. घर बैठं, खोल्या मोजक्या, पण मागेपुढे जागा भरपूर, आणि बांधणाऱ्यांनी आधीची झाडं तशीच राखलेली. मागे दोन थोराड निंब, कुंपणाशी शिसवाची रांग, कोपऱ्यात जांभूळ. घरात माणसं चारच. माझे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणत, आई, नानांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, आणि मी, कॉन्व्हेंट संपवून नुकतीच कॉलेजात जाऊ लागलेली. आत्या तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आली होती आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. तिचा सगळा जन्म गावातल्या लष्कर भागात, गोरखीच्या गजबजाटात गेलेला, त्यामुळे थाटीपुर तिला रान वाटे. आई रत्नागिरीकडची, ओल्या हवेत वाढलेली. लग्न होऊन ती या कोरड्या मुलखात आली, इथलं सगळं शिकली, पण तिची हिंदी शेवटपर्यंत कोकणातच राहिली.

नाना एका मोठ्या सरकारी कचेरीत अधीक्षक होते. आमचे पूर्वज दख्खनेतून इथल्या दरबारचं दफ्तर सांभाळायला आले. ते दफ्तर गेलं, पण सांभाळण्याची सवय रक्तात राहिली होती. नानांना अंगण ताटासारखं लख्ख लागे. त्यासाठी गडीमाणूस त्यांना चालत नसे. संध्याकाळी कचेरीतून आले की कोट खुंटीला, पँटची घडी, धोतर, आणि मग खराटा घेऊन मागे. कोपऱ्याकोपऱ्यातली पानं ओढत ते जांभळापाशी ढीग करत. ढिगाला वरून हलकेच थोपटत. मग आगपेटीतली एक काडी. ढीग एकाच काडीत पेटला पाहिजे, असा त्यांचा स्वतःशीच नेम होता. पेटला की काठी टेकून ते शेजारी उभे राहत, मुरारच्या छावणीतला बिगुल वाजेपर्यंत. दिवसभर दुसऱ्यांच्या फायलींवर सह्या करणाऱ्या माणसाचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच काम होतं. आज मला ते कळतं. तेव्हा मला फक्त धूर दिसे: आधी पांढरा, मग पिवळट, जमिनीलगत सरकत येऊन स्वयंपाकघराच्या जाळीतून आत शिरणारा.

आणि गंमत अशी की त्या धुराला घरात कोणी वाईट म्हणत नव्हतं. निंबाचा धूर म्हणजे औषध. डास पळतात, किडे मरतात, हवा शुद्ध होते. आत्या तर त्या ढिगातले चार निखारे धुपाटण्यात घेऊन, वर ओला निंबाचा पाला टाकून सगळ्या खोल्यांतून फिरवी आणि आईच्या खाटेखाली जरा जास्त वेळ धरी. ‘‘घे इंदू, ओढून घे आत. छाती मोकळी होईल.’’ आई पदर नाकाशी धरी. आत्याला ते आवडत नसे. आईच्या दम्याचं कारण आत्याच्या मते चिंच होती, कारण आई कोकणातली आणि आमटीला चिंच घालणारी. नानांच्या मते आई प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेते म्हणून दमा. आईच्या मते इथली हवाच कोरडी. संध्याकाळ झाली की ती उशांचा ढीग करून भिंतीला टेकून बसे, खांदे वर, ओठ किंचित उघडे, आणि श्वास बाहेर सोडताना दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज येई. मी शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसे आणि त्या आवाजाबरोबर माझा श्वास वर-खाली होई. एखाद्या वेळी तो थांबल्यासारखा वाटला की मी धावत जाई. ती हातानेच ‘जा, वाच’ म्हणून खूण करी. बोलणं तिला परवडत नसे.

त्या वर्षी निंबाची पहिली पानं पडली तेव्हा डॉक्टर घरी आले होते. ते जाताना फाटकाशी नानांना म्हणाले, ‘‘हवा बदलवाइए, पंडितजी. महीने-दो महीने की बात नहीं कर रहा. इनको यहाँ रखना ही ठीक नहीं.’’ मी जाईच्या वेलामागे उभी होते. त्या दिवशी जेवताना नाना वरणात बोट फिरवत आत्याला म्हणाले, ‘‘इंदूला रत्नागिरीला पाठवावं म्हणतो. तिच्या भावाकडे. राहू दे तिथेच.’’ ‘‘किती दिवस?’’ आत्याने विचारलं. नानांनी मीठ पुढे ओढलं. पोळी वाढायला आलेली आई दारातच थांबली होती. तिने पोळी वाढली आणि आत गेली. कायमचं पाठवणं म्हणजे काय, हे मला त्या पोळीच्या वाफेत कळलं. घर आत्याचं होणार, नाना आणखी गप्प होणार, आणि मला आईची पत्रं येणार.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मध्येच नानांना भोपाळला दौऱ्यावर जावं लागलं. आत्याचे गुडघे धरलेले, ती खराटा घेऊन मागे जाणारी नव्हती. पानं अंगणात तशीच पडून राहिली, त्यांचा आवाज दिवसभर चालू, आणि मी त्या आवाजाने बेचैन. पण आई तर उठून फिरत होती. तिने उकडीच्या तांदळाची पेज केली, वर मेतकूट, आणि आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून जेवलो, पायांत सुकी पानं घेऊन. तिने मला तिच्या घरच्या आगराबद्दल सांगितलं. नाना आले, पहिल्याच संध्याकाळी साठलेला सगळा ढीग पेटला, आणि त्या रात्री आई पुन्हा उशांना टेकून.

सकाळी नाना दाढी करत होते. मी आरशात त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

‘‘नाना, तुम्ही नव्हतात तेव्हा आई बरी होती.’’

वस्तरा थांबला. ‘‘म्हणजे मी आजार आणला?’’

‘‘तुम्ही नाही, धूर. तुम्ही नव्हतात तेव्हा पानं कोणी जाळली नाहीत.’’

‘‘योगायोग आहे. निंबाच्या धुराने कोणाला काही झालेलं ऐकलं नाही मी.’’

‘‘पण राहून तर पाहा, पानं न जाळता.’’

‘‘आणि ती करायची काय? डोक्यावर घ्यायची?’’ त्यांनी फेस पुसला. ‘‘पानांत विंचू होतो, साप होतो. जाळायची नाहीत तर टाकायची कुठे, ते सांग. मग बोल.’’

ते ‘मग बोल’ मी मनावर घेतलं. नानांचा एक स्वभाव मला पक्का ठाऊक होता: इंग्रजीत छापलेलं काहीही असलं की ते ऐकत. कॉलेजच्या वाचनालयात बागकामावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, कोणा साहेबाने विलायतेतल्या आपल्या बागेबद्दल लिहिलेलं. ते आणून मी रोज चहाच्या वेळी त्यांना एकेक पान वाचून दाखवू लागले. पानं खड्ड्यात थरांनी रचायची, मधे माती घालायची आणि विसरून जायचं. पुढच्या वर्षी काळं खत तयार. साहेबाने पानं जाळण्याला अडाणीपणा म्हटलं होतं. ते वाक्य मी जरा मोठ्याने वाचलं. नाना म्हणाले, ‘‘हं.’’ रविवारी त्यांनी दोरी ताणून, गुण्या लावून, जांभळापाशी खड्डा आखला. तो इतका काटकोनात होता की आत्या म्हणाली, ‘‘यज्ञकुंड करून राहिलाय का नाना?’’ एक महिना चालवून पाहू, असं ते म्हणाले. डॉक्टरांना आणि रत्नागिरीला उत्तर द्यायचंही महिनाभर थांबलं.

खड्डा भरला. आम्ही विसरून गेलो. म्हणजे बाकीचे विसरले. मी रोज सकाळी जाऊन वरची पानं उचकटून पाही. खाली पानं जशीच्या तशी, कुरकुरीत, पापडासारखी. साहेबाच्या देशात पानं पावसात गळत. आमच्याकडे त्यांच्या पाठोपाठ लू, उन्हाळ्याचा तो भाजणारा वारा, येणार होती. पुस्तकात त्यावर काही नव्हतं. मी हिरमुसून आईपाशी येऊन बसले. ती ताक घुसळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘दूध नुसतं ठेवलंस तर दही होतं का गं?’’

‘‘नाही.’’

‘‘विरजण लागतं. आणि ऊब. तुमच्या पाल्याला विरजण कोणी लावलंय?’’ ती जरा दमली, रवी थांबवून श्वास घेतला. ‘‘शेण आण. पातळ कालव. प्रत्येक थराला लाव, आणि कोरडा पडू देऊ नकोस. आमच्याकडे पाला कोणी असा तिजोरीत ठेवल्यासारखा ठेवत नाही.’’

शेजारी भदौरिया चाचींकडे म्हैस होती. भिंतीवरून त्यांच्याकडून शेणाची पाटी घेताना त्या मला खालून वर पाहत म्हणाल्या, ‘‘काए बिटिया, अंग्रेजी पढ़ के गोबर उठाओगी?’’ मी म्हटलं, ‘‘हाँ चाची.’’ ‘‘तो ले जाओ, रोज ले जाओ. हमाए यहाँ कमी नईं है.’’ मग आमचा रोजचा पाठ सुरू झाला. नाना पानं ओढत, मी शेणपाणी शिंपडी, स्वयंपाकघरातली सालं आणि चहाचा चोथा वर जाई, आणि आई मागच्या दारात वेताच्या मोढ्यावर बसून हुकूम सोडी. शिसवाची पानं लवकर कुजतात, ती मधे घाला. काटक्या तळाशी, हवा खेळायला. जांभळाची चिवट, ती चुरडून. पाण्यासाठी नानांनी पाटणकर बाजारातून पत्र्याची झारी आणली आणि तिच्यावर आपलं नाव रंगवून घेतलं. आठवड्याभरात मी ढिगात हात घातला तर आत गरम. मी ओरडलेच. आई हसली, आणि हसताना तिला खोकला आला नाही.

इथे थोडं थांबते, कारण तुम्ही दोघं मला व्हिडिओवर सारखं विचारता की आजी, तुझ्या अंगणातला तो तारेच्या जाळीचा पिंजरा कसला? तो यासाठी. खड्ड्यापेक्षा जाळीचा गोल बरा, हवा चारी बाजूंनी लागते, असं मला नंतरच्या वर्षांत कळलं. बाकी सगळं तेच: पाला, शेण, ओल, धीर. यातला धीर मला कधीच जमला नाही. अजूनही मी चहाआधी जाऊन उचकटून पाहते. आणि थंडीत कोपऱ्यावर कोणी पानं पेटवली की शाल घेऊन बाहेर पडते. तुमचे बाबा म्हणतात, या वयात रस्त्यावर भांडायचं नाही. त्यांना म्हणावं, तुम्ही तिकडे निवांत राहा.

होळी आली. आमच्या घरात होळी दोन रीतींची होती. नैवेद्याला पुरणपोळी आणि कटाची आमटी आमची. पण कॉलनीच्या मोठ्या होळीतला निखारा घरी आणून अंगणात छोटी होळी पेटवणं, त्यात शेणाच्या गोवऱ्यांची माळ आणि गव्हाच्या ओंब्या भाजणं, हे इथलं. किती पिढ्यांपूर्वी आम्ही ते उचललं कोण जाणे, आत्याला विचारलं तर ती म्हणे आपलंच आहे. त्या दिवशी धुरासाठी आधीच तयारी केली. नानांनी आईला पुढच्या खोलीत बसवलं, मधली दारं लावली, फटींना ओले टॉवेल लावले. छोटी होळी खरंच छोटी केली. आई जरा खोकली, पण निभावलं. पुरणपोळी तिने तुपात बुडवून खाल्ली. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी रंग. सगळ्या कॉलनीने पाणी उपसल्यामुळे आमच्या नळाला थेंब नव्हता, ढिगाला पाणी घालायचं राहून गेलं. नवी सुकी पानं त्यावर वारा येईल तशी पडत राहिली. त्याच सकाळी आत्याने छोट्या होळीची राख गोळा केली. होळीची राख पवित्र. ती कचऱ्यात जात नाही, ओलांडायची नाही, पायाखाली येऊ द्यायची नाही. पूर्वी ती झाडाच्या मुळाशी घालत. या वर्षी आत्याच्या मनात आलं की आता घरात मातीला जाणारी सगळ्यात शुद्ध जागा म्हणजे आमचा खड्डा. भावाने काटकोनात आखलेला, रोज शिंपण होणारा. तिने काठीने पानं बाजूला केली, राख मधोमध ओतली, हात जोडले, पानं पुन्हा सारखी केली. राखेच्या पोटात गोवऱ्यांचे तुकडे होते. गोवरी वरून पांढरी पडते, आत जिवंत असते.

मी न्हाणीघरात तळाशी उरलेल्या तांब्याभर पाण्याने केसांतला हिरवा रंग काढत होते. आधी वास आला. धूर दिसतच नव्हता कुठे, ज्वाळा नव्हती. मग मागच्या दाराशी आले तर ढीग सगळीकडून श्वास टाकत होता, पानापानांतून, शेणाचा आणि निंबाचा मिळून असा जाड, ओशट धूर, जो वर चढत नाही, जमिनीवरून घराकडे सरकतो. दुपारची वेळ, सगळी दारं उघडी, आई मधल्या खोलीत आडवी झालेली. मी धावले तेव्हा ती उठून बसली होती, दोन्ही हात गादीत रुतवून, डोळे माझ्याकडे, आणि आवाज काहीच नव्हता. करकर नाही, शिट्टी नाही. हवा आत जातच नव्हती.

‘‘नाना!’’ मी ओरडले. ते अनवाणी धावले, फावडं घेतलं आणि ढीग फोडू लागले. फोडला तसा वारा आत गेला आणि जाळ वर आला. पाणी नव्हतं. भदौरिया चाची भिंतीवरून म्हशीच्या हौदातलं पाणी बादलीने देत होत्या, रंगाने निळ्या झालेल्या, आणि ओरडत होत्या, ‘‘भाईसाब, पाँव! पाँव देखो अपने!’’ नाना निखाऱ्यांत उभे होते. मी आईला पाठीशी धरून पुढच्या दारातून उचलत-ओढत रस्त्यापर्यंत नेलं आणि शिरीषाच्या झाडाखाली बसवलं. चाचींचा नवरा सायकलवर डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर गुलालाने माखलेले आले. इंजेक्शन दिल्यावर बऱ्याच वेळाने ती करकर परत आली. तो आवाज ऐकून मला रडू फुटलं. इतके दिवस ज्याला भीत होते, तोच.

त्या संध्याकाळी पुढच्या व्हरांड्यात कोणी दिवा लावला नाही. नानांच्या तळव्यांना आत्याने खोबरेल लावून फडकी बांधली होती. ती खाली मान घालून म्हणाली, ‘‘माझ्या हातून झालं रे.’’ नाना म्हणाले, ‘‘खड्डा बुजवतो उद्या. आणि हिच्या भावाला तार करतो.’’

‘‘खड्डा बुजवून पानं काय करणार?’’ मी विचारलं. ‘‘पुन्हा काडी?’’

‘‘कुमुद, पुरे.’’

‘‘खड्ड्याने काही केलं नाही. आग बाहेरून आली.’’

‘‘पुरे म्हटलं ना!’’

तेव्हा खाटेवरून आई बोलली. दर दोन शब्दांनी थांबत, पण आवाजात तक्रार नव्हती. ‘‘मी जाते. भावाकडे जाते. पण मला एवढं सांगा, मी परत येईन तेव्हा इथे काय जळत असेल? आपल्याकडे नाही जळलं, तर भदौरियांकडे जळेल. त्यांच्याकडे नाही, तर पलीकडे. सगळी आळी जाळते हो. तुम्ही एकट्याने खड्डा केलात तरी, आणि बुजवलात तरी, मला सारखंच.’’ तिने डोळे मिटले. ‘‘परत बोलावणार असाल तर कसल्या हवेत बोलावणार, ते ठरवा. नाहीतर तिकीट एका बाजूचं काढा.’’

दुसऱ्या दिवशी नानांनी कोट घातला, बांधलेल्या पायांत आत्याच्या सैल चपला अडकवल्या, काठी घेतली आणि बाहेर पडले. मी मागोमाग. हा माणूस शेजाऱ्यांकडे दसऱ्याच्या सोन्याशिवाय कधी गेला नव्हता. पहिलं दार भदौरियांचं.

‘‘एक विनती है,’’ नाना म्हणाले. त्यांची हिंदी दरबारी, वाक्याला इस्त्री केलेली. ‘‘आप पत्ते न जलाया करें. मेरी पत्नी को उससे कष्ट होता है.’’

चाची कमरेवर हात ठेवून उभ्या. ‘‘हम तो ना जलाएँ भाईसाब. पर धरें कहाँ? तुम्हीं बताओ. दो दिन में आँगन भर जात है.’’

माझ्या लक्षात आलं, हा नानांचाच प्रश्न होता, दाढी करताना मला विचारलेला. नानांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, ‘‘हमारे यहाँ भिजवा दीजिए.’’

‘‘सब के सब?’’

‘‘सब.’’

हेच वाक्य ते आळीतल्या प्रत्येक दारात बोलले. काही जणांनी चहा दिला, काही हसले, एका गृहस्थाने दाराआड बायकोला विचारलेलं ऐकू आलं, ‘‘दक्खिनी पंडित का दिमाग ठीक है?’’ नानांच्या कानापर्यंत ते गेलं. कान लाल झाले, पण ते पुढच्या दारात गेले.

आणि पानं आली. जुन्या चादरींत बांधलेली, पोत्यांत भरलेली, हातगाडीवर. निंब, शिसव, पिंपळ, कोणाच्या घरचा आंब्याचा पाला, कोणाची वाळलेली झेंडूची तोरणं. ज्या अंगणात एक काडी पडली तर नानांना झोप येत नसे, ते अंगण कुंपणापर्यंत भरलं. शेजारी टाकून जात तेव्हा त्यांच्याकडे बघत, आणि नाना त्यांच्याकडे न बघता ‘‘धन्यवाद’’ म्हणत. रामनवमीनंतर आई मामाबरोबर गेली. स्टेशनवर ती नानांना फक्त एवढंच म्हणाली, ‘‘ओल कमी पडू देऊ नका.’’

तो उन्हाळा मला अजून कोरडा लागतो घशात. लू सुटलेली, नाना डोक्याला ओला पंचा बांधून कचेरीला जायच्या आधी आणि आल्यावर ढीग उलटे करत, मी आंघोळीचं, तांदूळ-डाळीचं, कपड्यांचं शेवटचं पाणी बादलीने नेऊन ओतत. आत्या गुडघे धरून पायरीवर बसून सालं मोडून बारीक करी. राख आता ती स्वतः पाण्यात कालवून, बोट घालून बघून मगच टाकी. एकदा साप निघाला, तेव्हा नाना माझ्याकडे बघून ‘‘म्हटलं होतं ना,’’ म्हणाले आणि त्याला काठीने कुंपणाबाहेर वाट करून दिली. आईची पत्रं यायची: बरी आहे, पोहते, हवा ओली आहे. प्रत्येक पत्रात बरं वाटण्याचा मजकूर वाढत होता, आणि मला तो वाचून आनंद होत नव्हता. तिथे तिला इतकं बरं असेल तर ती का येईल? नाना पत्र दोनदा वाचत आणि ढिगाकडे जात. पावसानंतर ढिगांचे तळाचे थर काळे, मऊ, भुसभुशीत झाले. ते खत आळीतल्या घराघरांत वाटलं. ज्यांनी वेड्यात काढलं होतं, तेही टोपली घेऊन आले.

आई दिवाळीत आली नाही. संक्रांतीला आली नाही. मामाने लिहिलं, फाल्गुन जाऊ द्या, मग बघू. नानांनी उत्तर पाठवलं, फाल्गुनातच पाठवा. ते का, हे मला तेव्हा कळलं आणि मी घाबरले. नानांना ती बऱ्या महिन्यांत नको होती. ती याच महिन्यांत इथे राहू शकते की नाही, हे त्यांना बघायचं होतं.

ती उतरली त्या दिवशी पानं गळायला नुकती लागली होती. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळ झाली. मुरारकडून बिगुल ऐकू आला. आळीत कुठेही धूर नव्हता. म्हणजे कोपऱ्यावर एक होता, चुलीचा, पण तो सरळ वर जात होता. आई मागच्या दारात उभी राहून एकेक ढीग बघत होती आणि आम्ही तिघं तिला बघत होतो. तेवढ्यात भिंतीवरून भदौरिया चाचींचं पानांचं गाठोडं धप्पकन पडलं, सुटलं, आणि त्यातून तुटक्या काचेच्या बांगड्या, एक चप्पल आणि फुटकी बाटली अंगणात सांडली.

‘‘ओ चाची!’’ आई पदर खोचून भिंतीपाशी गेली. ‘‘ये काय डाला है तुमने? पत्ता बोला था ना, पत्ता! चप्पल कुजती है क्या कधी? काच कुजती है? मेरे नवरे का पाँव पहले ही जला हुआ है, अब कापने का भी है क्या, रोज हात घालता है वो उसमें, और मेरी पोरगी भी, तुम्हारे घर का सब आने दो, म्हैस का आने दो, लेकिन जो सडता नहीं वो मेरे अंगण में आने का नहीं, समझी क्या, और वो गाठोडा नीट बाँधने का, पिछले बार भी तुम ऐसेच फेका होगा, मैं नहीं थी म्हणून काय झालं!’’

आत्याने तोंडाला पदर लावला. नाना मागच्या पायरीवर वर्तमानपत्र धरून बसले होते. ते वाचत नव्हते. ते ऐकत होते, मान जरा कलती करून, आणि मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते, जणू तेही माझ्यासारखेच तिचा श्वास मोजत होते. ती बोलत होती, आणि मधे एकदाही थांबली नव्हती.